तीन मोटेची विहीर: शेतातलं घर थ्री फेज सोलरवर कसं चालतं

सोलर बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात आबांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी विचारलं, "यंत्र पंधरा केव्हीएचं आहे म्हणतोस. पाच एचपीच्या मोटरला साडेचार किलोवॉट लागतात. मग मोटर सुटत का नाही?"

प्रश्न रास्त होता. केव्हीए म्हणजे यंत्र किती भार पेलतं त्याचं माप, किलोवॉटच्याच जवळचं. स्टार्टरचं हिरवं बटण दाबलं की मोटर नुसती गुरगुरायची, गोठ्यातला दिवा मंदावायचा आणि पुढच्या क्षणी तिन्ही इन्व्हर्टर (पॅनेल-बॅटरीची वीज घरात चालेल अशी करून देणारी यंत्रं) लाल दिवा दाखवून गप्प व्हायचे. घरातला पंखा, फ्रिज, सगळं त्यांच्याबरोबर. त्या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं तर ही सगळी व्यवस्था उलगडून सांगावी लागते. आबांना ते सांगता सांगताच मला स्वतःलाही ती खरी कळली.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, ओढ्यापलीकडच्या चढावर आहे. तिथवर विजेचे खांब आलेले नाहीत. खाली मळ्यातल्या वस्त्यांना वीज आहे, पण ती शेतीच्या फीडरवरची. "थ्री फेज आली का?" हा प्रश्न तिथं दिवसातून चार वेळा विचारला जातो. पूर्ण दाबाची वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. या भागात रात्री उसाला पाणी द्यायला जाणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र उभारावं लागलं, असा हा तालुका. दिवसा, उजेडात, आपल्या वेळेला मोटर चालू करता यावी ही आमच्या घरातली फार जुनी इच्छा होती. म्हणून थ्री फेज सोलर, आणि तेही खांबांशिवाय, पूर्णपणे स्वतःच्या पायावर उभं राहणारं.

आता थ्री फेज म्हणजे काय ते पाहू. आबांनी लहानपणी मोट हाकलेली आहे. बैल धावेवरून खाली गेले की मोट वर येते आणि थारोळ्यात रिकामी होते. मग बैल मागे सरतात, मोट पुन्हा विहिरीत बुडते. एकाच मोटेवर पाटाला पाणी झटक्याझटक्याने येतं, भळभळ येतं आणि मग काही वेळ नुसती वाट पाहायची. तीन मोटेच्या विहिरीवर तीन जोड्या पाठोपाठ चालवल्या, एक मोट रिकामी होताना दुसरी अर्ध्यावर आणि तिसरी बुडत असली, तर पाट कधी तुटत नाही.

वीजही अशीच हेलकावे घेते, सेकंदाला ५० वेळा. सिंगल फेज म्हणजे एक मोट. थ्री फेज म्हणजे तीन, प्रत्येक आधीच्यापेक्षा एक तृतीयांश हेलकावा मागे. वायरमन त्यांना आर, वाय, बी म्हणतात: लाल, पिवळी, निळी. बल्बला आणि मिक्सरला एक मोट पुरते. मोठ्या मोटरला मात्र अखंड पाट हवा असतो, शिवाय ठरलेल्या क्रमाने येणाऱ्या तीन हेलकाव्यांमुळेच ती कुठल्या बाजूला फिरायचं ते ठरवते. तीनपैकी कुठल्याही दोन वायरी आपसात बदलल्या तर मोटर उलटी फिरते. विहिरीवर कुणी वायर काढून परत जोडली आणि पाणी कमी यायला लागलं, तर आधी हे बघा.

प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट असतात, तेच घरात वापरायचे. दोन फेजमध्ये साधारण ४०० ते ४१५, ते मोटरचे.

आमच्याकडे ५ केव्हीएचे तीन सिंगल फेज इन्व्हर्टर आहेत. ते एका संदेशवाहक केबलने एकमेकांना बांधलेले आहेत, म्हणजे त्यांचे हेलकावे बरोबर अंतर राखून चालतात. एक पुढारी, दोन त्याच्या तालावर. बाजारात एकाच खोक्यातला थ्री फेज इन्व्हर्टरही मिळतो. आतलं गणित बहुतेकांचं तेच असतं, आणि विकणारा माणूस नेमकं तेच सांगत नाही: १५ केव्हीए हे कधीच १५ नसतात. ते तीन वेळा ५ असतात.

आर फेजवर ५ केव्हीए, म्हणजे सुमारे २१ अँपिअर. त्यापुढे गेलात तर वाय आणि बी रिकाम्या बसल्या असल्या तरी त्या आरच्या मदतीला येऊ शकत नाहीत. एका मोटेचा नाडा तुटायला आला म्हणून शेजारची मोट तिचं पाणी ओढत नाही. आणि तिन्ही एकमेकांना बांधलेले असल्यामुळे बहुतेक यंत्रांत एक थांबला की तिघेही थांबतात.

हे आम्हाला दिवाळीत कळलं. आमचं जुनं घर आधी एका छोट्या सिंगल फेज इन्व्हर्टरवर होतं. वायरमनने ती सगळी वायरिंग जशीच्या तशी आर फेजला जोडून दिली. नव्या दोन खोल्या वायला, गोठा बीला. दिसायला वाटणी सुटसुटीत. पण स्वयंपाकघर, न्हाणी, इस्त्रीचा प्लग, फ्रिज असं जे काही जड होतं ते सगळं जुन्या घरात. पहाटे अभ्यंगस्नानाला पाहुण्यांसाठी २ किलोवॉटचा गिझर, त्याच वेळी फराळाच्या गडबडीत २ किलोवॉटची इंडक्शन शेगडी, आणि कुणीतरी मुलांच्या कपड्यांसाठी १ किलोवॉटची इस्त्री लावली. बेरीज झाली पाच. वर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला आणि सगळी वस्ती अंधारात. त्या क्षणी वाय फेजवर दोन पंखे होते आणि बीवर एक दिवा.

नंतर आम्ही एक दिवस काढून घरातल्या प्रत्येक जड वस्तूची यादी केली आणि ती तीन मोटांवर वाटली. शेगडी आरवर. इस्त्री आणि वॉशिंग मशीन वायवर. गिझर बीवर. खोली कुठली हे न बघता, कुठल्या वस्तू एकाच वेळी चालतात हे बघितलं. सगळ्या यादीत हीच गोष्ट महत्त्वाची आहे. वॉशिंग मशीन आणि इस्त्री आमच्या घरात कधी एका वेळी चालत नाहीत, म्हणून त्या एका फेजवर सुखाने राहतात. तुमच्या घरात चालत असतील तर वेगळ्या करा. वायरीभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन संध्याकाळी सहा ते नऊ दर अर्ध्या तासाला तिन्ही फेजचे अँपिअर लिहून ठेवा. चार दिवसांत घराची नाडी कळते.

आता आबांच्या मोटरकडे येऊ.

५ एचपी म्हणजे शाफ्टवर ३.७ किलोवॉट. मोटरमधलं नुकसान धरून साडेचार. चालू असताना प्रत्येक फेजवर सुमारे साडेसात अँपिअर. २१ च्या मानाने काहीच नाही. पण बसलेली मोटर उठवायला लागणारा जोर वेगळा. सरळ स्टार्टरवर मोटर सुटताना पहिले काही क्षण चालण्याच्या सहापट करंट घेते, म्हणजे ४५ अँपिअर. ४५ गुणिले २३० म्हणजे प्रत्येक फेजवर १० केव्हीएच्या थोडं वर. आमचा इन्व्हर्टर दुप्पट भार, म्हणजे १० केव्हीए, फक्त काही सेकंद सोसतो. वर घरातले दिवे-पंखे असतातच. म्हणून तो हात वर करतो.

बोअरवरची ३ एचपीची मोटर मात्र सुटते. तिचा चालू करंट साडेचार-पाच, सुटताना २८ च्या आसपास, म्हणजे साडेसहा केव्हीए. बसतं. त्यातही त्याच क्षणी शेगडी पूर्ण आचेवर असेल तर आरवर काठावरचं काम होतं. म्हणून आमच्याकडे मोटर चालू करण्याआधी घरात हाक मारण्याची पद्धत पडली आहे.

खांबावरच्या विजेत हा प्रश्न जाणवत नाही, कारण मागे डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, असते, तिच्यामागे सबस्टेशन, आणि त्यामागे अख्खं राज्य. तिथून क्षणभर सहापट ओढलं तर कुणाला कळतही नाही. आपल्या इन्व्हर्टरमागे कुणी नाही. तो स्वतःच सबस्टेशन आहे.

उपाय तीन. स्टार-डेल्टा स्टार्टरने सुटतानाचा करंट एक तृतीयांशावर येतो, पण मोटरच्या सहाही वायरी बाहेर काढलेल्या असाव्या लागतात आणि स्टारवरून डेल्टावर जाताना एक धक्का बसतोच. सॉफ्ट स्टार्टर दाब, म्हणजे व्होल्टेज, हळूहळू वाढवतो. व्हीएफडी हे सर्वांत चांगलं: ते दाब आणि हेलकाव्यांचा वेग दोन्ही शून्याच्या जवळून वर नेतं, त्यामुळे मोटर सुटताना चालण्यापेक्षा फारसा जास्त करंट घेतच नाही. आम्ही विहिरीवरच्या ५ एचपी मोनोब्लॉकला व्हीएफडी लावला. सबमर्सिबलला लावणार असाल तर वेग फार सावकाश वाढवू नका. तिच्या बेअरिंगला पाण्याचा पातळ थर बसायला ठराविक वेग लवकर लागतो.

न्यूट्रलबद्दल दोन शब्द, कारण इथं माणसं आणि टीव्ही दोन्ही जातात. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर परतीचे तिन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात आणि न्यूट्रलमधून काहीच वाहत नाही. घरात भार कधीच सारखा नसतो, म्हणून फरकाचा करंट न्यूट्रल वाहून नेतो. ही एक वायर सैल झाली किंवा तुटली तर तिन्ही फेजचा मध्यच हरवतो. ज्या फेजवर भार कमी, तिथला दाब २३० सोडून ३००च्याही वर जाऊ शकतो. आर फेजवर शेगडी चालू आणि वायवर एकटा टीव्ही, अशा वेळी तो टीव्ही वाचत नाही. न्यूट्रलची जोडणी घट्ट, वायर फेजइतकीच जाड, आणि त्या वायरीवर कधीही एकटं फ्यूज नाही.

दुसरं, खांबावरच्या विजेत न्यूट्रल डीपीजवळ जमिनीला बांधलेला असतो. आपल्याकडे डीपी नाही, म्हणून ते बांधणं आपल्यालाच, एकाच ठिकाणी करावं लागतं. ते केलं नाही तर घरात बसवलेलं आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारं स्विच, शोभेचं ठरतं: गळती जमिनीतून परत जाण्याची वाटच बंद असते, त्यामुळे ते ट्रिप होत नाही. काही इन्व्हर्टर ही जोडणी आतल्या रिलेने स्वतः करतात, काही करत नाहीत. बसवणाऱ्या माणसाला हे विचारा. त्याला प्रश्न कळला नाही तर दुसरा माणूस शोधा. जोडणी झाल्यावर आरसीसीबीचं नुसतं टेस्ट बटण दाबून थांबू नका. बटण फक्त आतला सांधा तपासतं, अर्थिंग तपासत नाही. त्यासाठी जाणत्या वायरमनकडून मीटर लावून घ्या.

बॅटरी म्हणजे आपली विहीर. आणि विहिरीच्या दोन गोष्टी वेगळ्या असतात: पाणी किती आहे, आणि एका वेळी उपसा किती करता येतो. पाणी म्हणजे युनिट, उपसा म्हणजे किलोवॉट. आमच्याकडे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाचे लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार पॅक आहेत. एका पॅकमध्ये ५.१२ युनिट, चारांत सुमारे साडेवीस. त्यातले ८० टक्के वापरायचे धरले तर १६ युनिट. शिसे-आम्लाच्या ट्यूब्युलर बॅटरीत निम्मंच पाणी काढायचं असतं, नाहीतर ती लवकर म्हातारी होते.

आधी आम्ही दोनच पॅक घेणार होतो, कारण रात्रीला तेवढं पुरत होतं. पण तिन्ही इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालले तर बॅटरीतून ३०० अँपिअरच्या आसपास ओढतात, आणि एका पॅकची रक्षक यंत्रणा, बीएमएस, सहसा १०० अँपिअरला दार लावते. दोन पॅक म्हणजे २०० अँपिअर. विहीर काठोकाठ भरलेली असताना घर अंधारात गेलं असतं. पॅक किती घ्यायचे ते रात्रीच्या युनिटांवरून काढा, आणि मग दुसऱ्यांदा मोटर सुटतानाच्या अँपिअरवरून काढा. जो आकडा मोठा तो खरा.

एवढा करंट म्हणजे जाड केबल आणि तिच्या टोकाला घट्ट लग. सैल लग तापतो, आणि बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, म्हणजे डीसीची, ठिणगी घरातल्या एसीसारखी आपोआप विझत नाही, कारण एसीचा प्रवाह दर हेलकाव्याला शून्यातून जातो आणि डीसीचा कधीच जात नाही. म्हणून बॅटरी आणि पॅनेलच्या बाजूला घरातलं साधं एमसीबी चालत नाही, डीसीचंच लागतं. हा खर्च वाचवलेला मी एका वस्तीवर पाहिला आहे. खोक्याच्या जागी भिंतीवर काळा डाग होता. माणसं शेतात होती म्हणून वाचली.

एक खर्च कुणीच मोजत नाही: इन्व्हर्टरची स्वतःची भूक. काहीही चालू नसताना आमचा एक इन्व्हर्टर ५५-६० वॉट खातो. तीन मिळून दिवसाला चार युनिट. आमचा फ्रिज एक युनिटही घेत नाही! म्हणजे नुसतं थ्री फेज जिवंत ठेवायला चार फ्रिजांची वीज लागते. रात्री मोटर चालत नाही, तरी तिन्ही मोटांचे बैल उभे ठेवून त्यांना वैरण घालावीच लागते.

म्हणून मी स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे थ्री फेजवर चालणारी एकच मोटर असेल तर अख्खं घर थ्री फेज करू नका. घराला एक चांगला सिंगल फेज इन्व्हर्टर, आणि मोटरला वेगळी पॅनेल व सोलर पंप कंट्रोलर, बॅटरीशिवाय. ऊन आहे तोवर पाणी, साठवण टाकीत किंवा शेततळ्यात. केंद्राच्या कुसुम योजनेतले आणि राज्याच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतले ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप याच तत्त्वावर चालतात, आणि त्यात शेतकऱ्याचा हिस्सा सर्वसाधारण गटाला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के आहे. २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघरचं ७८,००० रुपयांपर्यंतचं अनुदान मात्र विजेच्या लाइनला जोडलेल्या छतावरच्या सोलरला आहे, आमच्यासारख्या तुटक वस्तीला नाही. आमच्याकडे दोन मोटरी, थ्री फेज कडबाकुट्टी आणि भावाचं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून हे गणित जुळलं.

पॅनेल ५५० वॉटची १८, म्हणजे ९.९ किलोवॉट. महाराष्ट्रात एका किलोवॉटला दिवसाला सरासरी चार युनिट धरतात. आमच्याकडे मार्चमध्ये चाळीस युनिट सहज होतात. एप्रिल-मेमध्ये ऊन जास्त असूनही तेवढे होत नाहीत, कारण पॅनेलवरचा आकडा २५ अंशांना मोजलेला असतो आणि वैशाखात काच ६० अंशांच्या वर जाते. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे बारा-तेरा टक्के तिथंच गेले.

थंडीत उलटं होतं, आणि ते जास्त धोक्याचं. गार पॅनेलचा दाब वाढतो. एका पॅनेलचा मोकळा, म्हणजे भार नसतानाचा, दाब साडेएकोणपन्नास व्होल्ट. बसवणारा माणूस दहा पॅनेल एका माळेत ओवणार होता: ४९५ व्होल्ट, आणि इन्व्हर्टरची मर्यादा ५००. कागदावर बसतं. पण जुन्नरला पौषात पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो. २५ वरून १० वर आलं की दाब चारेक टक्के वाढतो, म्हणजे ५१५. पहिलं ऊन पडताच इन्व्हर्टर गेला असता, तोही मर्यादा ओलांडल्यामुळे वॉरंटीबाहेर. आम्ही प्रत्येक इन्व्हर्टरला सहा-सहाची माळ केली.

पावसाळ्यात आषाढाचे काही दिवस असे येतात की दहा-बारा युनिटांवर भागवावं लागतं. पण शेताची एक सोय आहे: ऊन नसतं तेव्हा पिकाला आपल्या पाण्याची गरजही नसते. मोठी मोटर आपोआप सुट्टीवर जाते. तरी सलग चार दिवस झाकोळ राहिला तर एक छोटं जनरेटर दोन तास लावून बॅटरी भरून घेतो. त्याची लाज वाटून घेऊ नये. वर्षातल्या त्या दहा दिवसांसाठी दुप्पट बॅटरी घेणं मला पटत नाही.

बाकी देखभाल थोडी आहे पण टाळायची नाही. पॅनेल पहाटे धुवा, तापल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं जड पाणी असेल तर पुसून घ्या, नाहीतर पांढरा थर बसतो. इन्व्हर्टरच्या जाळीतून पाल आत गेली तर बोर्ड जातो, म्हणून बारीक जाळी लावा, पण हवा कोंडू देऊ नका. वळवाच्या आधी अर्थिंगचे खड्डे ओले करा, विजेच्या उसळीपासून वाचवणाऱ्या सर्ज अरेस्टरच्या खुणेचा रंग बघा.

घराचा दिवस आता उन्हाने बांधला गेला आहे. सकाळी अंघोळीला बंबाचं पाणी, गिझर नुसता पाहुण्यांसाठी. दहाच्या पुढे कपडे, इस्त्री, कडबाकुट्टी. अकरा ते दोन विहिरीवरची मोटर. चारनंतर कुणी जड काही लावत नाही, बॅटरी संध्याकाळपर्यंत काठोकाठ भरू देतात. आईने शेवग्याच्या सावलीवरून वेळ ठरवली आहे: सावली ओट्याला लागली की मोटर बंद.

व्हीएफडी बसवला त्या दिवशी आबा विहिरीवर आले. बटण दाबलं. मोटर गुरगुरली नाही, हळू सुरात फिरायला लागली आणि सूर चढत गेला. पडद्यावर अँपिअर दोन, चार, सहा, साडेसात. गोठ्यातला दिवा हललाही नाही. पाइपातून पाणी पाटात पडलं, तसं आबा पाटाकडे गेले आणि बराच वेळ तिथंच उभे राहिले. मग वळून म्हणाले, "तिन्ही मोटा सारख्या भरून येतायत."